अर्धी काळी पाटी

मुलांनो, लेस्टरमधले माझे शेजारी घराण्यांची चिन्हं रंगवतात. ज्यांना घराणं वगैरे काही नाही, त्यांनाही ते हौसेनं ढाल काढून देतात. माझ्या ढालीवर विळी आहे. "हिरव्यावर लाल विळी नको हो वहिनी, रंगावर रंग चालत नाही," असं ते मला दर वेळी बजावतात आणि ब्रश हवेत फिरवतात.

परवा त्यांच्या गॅरेजमध्ये पत्त्यातल्या चौकटीसारखी एक पाटी वाळत होती. मधोमध त्यांची आणि त्यांच्या बायकोची जोडढाल होती. ढालीमागे बायकोची बाजू पांढरी होती, त्यांची काळीकुट्ट. इथली जुनी चाल मला ठाऊक आहे. जो गेला त्याची बाजू काळी करतात आणि पाटी घराच्या दारावर लावतात.

"अहो, हे काय अभद्र!" मी ओरडलेच.

"हळू बोला, वहिनी. डॉक्टर म्हणाले, ख्रिसमसपर्यंत कठीण आहे. हिला अजून सांगितलं नाही. आणि हिला रंग नीट लावता येत नाही."

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली आणि पाटी बघून हरखली. "अय्या, आपली दोघांची? अहो, दारावरच लावू या की!"

ते मात्र ब्रश पुसत म्हणाले, "लावशील गं. घाई काय आहे?"