हेडलाइट लागत नाहीये, भाऊ

बुऱ्हाणपुरात जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं आमचं छोटं दुकान आहे. मी आणि वसंताभाऊ, दोघं भागीदार. लाइटचं बटण बिघडलंय, एवढं एका वाक्यात सांगणारं गिऱ्हाईक अजून भेटलेलं नाही. कुठे निघालो होतो, सोबत कोण होतं, इथून सुरुवात. त्यात प्रत्येकाला घाई. वसंताभाऊ ऐकत ऐकत स्टिअरिंगखालचं कव्हर खोलतात, मी येरझाऱ्या घालतो. मला स्वस्थ बसता येत नाही. किस्से साठणारच.

*

गावातलेच एक सर. उजव्या हाताने स्टिअरिंगजवळची लाइटची दांडी दाबून धरली तरच हेडलाइट लागायचा. मग गिअर टाकताना शेजारून मॅडम स्टिअरिंग धरायच्या. तीन वर्षं दोघांनी अशी गाडी हाकली. आम्ही बटण बदलून दिलं.

आठ दिवसांत सर परत हजर. मी दुसरं बटण काढायला धावलो. तर म्हणाले, दिवा मस्त लागतोय, पण गिअर बदलला की हिचा हात अजून स्टिअरिंगवर येतो, त्याला काही करता येईल का?

वसंताभाऊ म्हणाले, "सर, ते बटण आमच्याकडे नाही मिळत."

*

जसोंडीचे एक केळीवाले शेतकरी. यांनी ब्रेक मारला की गाडीच्या आतला दिवा पेटायचा. आम्ही काम सुरू केलं, तोच त्यांच्या बायकोने थांबवलं. म्हणाली, राहू द्या, त्या उजेडात यांचं तोंड दिसतं, जागे आहेत का ते कळतं.

मी समजावलं, की ब्रेक मारतायत म्हणजे जागेच आहेत.

तिने जरा विचार केला. "मग ब्रेक नाही मारत तेव्हा पेटेल, असं करून द्या."

*

एका व्यापाऱ्याच्या बटणाचं प्लॅस्टिक आतून वितळलं होतं. लाइट लावला की हॉर्न वाजायचा. मुलासाठी मुलगी बघायला गेले. चहापोहे झाले, निरोप झाला, संध्याकाळ झाली म्हणून लाइट लावला. हॉर्न! मुलीकडचे सगळे धावत बाहेर. काही नाही, काही नाही म्हणत यांनी लाइट बंद केला, पण अंधारात जाणार कसे? पुन्हा लावला. पुन्हा सगळे बाहेर.

चौथ्या वेळी मुलीचे वडील खिडकीशी आले आणि म्हणाले, "पसंत आहे ना? मग आत येऊन सांगा."

लग्न झालं. सून चांगली आहे.

*

आणि डोईफोडियाचे काका. दिवस मावळताना फोन आला. मुलीला कळा सुरू झालेल्या, तिला घेऊन ते दवाखान्यात निघाले होते आणि जंगलाच्या पट्ट्यात हेडलाइट गेला. रस्त्यावर दुसरी गाडी नाही.

वसंताभाऊंनी स्पीकर लावला. मी दुकानात नुसता फिरत होतो. रेंज जात होती, येत होती. कव्हर ओढून काढा, वसंताभाऊ सांगत होते, बटणामागची लाल आणि हिरवी तार तोडा, सोला, एकमेकींना पिळा, बटणाशिवाय लागेल.

पलीकडे कव्हर निघाल्याचा आवाज आला. मग काका बोलले, "भाऊ, लाल कोणती अन् हिरवी कोणती, मले कळत नाही. लहानपणापासून असंच आहे."

वसंताभाऊंनी फोन तोंडाशी धरला. फोन मुलीकडे द्या, म्हणाले.

तिला त्यांनी एकेक वाक्य सांगितलं, ती तसं करत गेली. मधे कळ आली की थांबायचे. ती श्वास घेऊन म्हणायची, "हं, पुढे." अशी चार वेळा थांबली. मग काकांचा आवाज आला: लागला, लागला. फोन कट.

त्यानंतर दोन तास मी काय केलं, आठवत नाही. मुलगी झाली, दोघी ठीक, असा निरोप आला तेव्हा माझ्या हातात झाडू होता.

सव्वा महिन्याने काका बटण बसवायला आले. मागे मुलगी, मांडीवर बाळ. वसंताभाऊंनी कव्हर काढलं आणि बॅटरीच्या उजेडात तो जोड निरखत बसले. एकसारखे पीळ, वर साडीच्या काठाची चिंधी घट्ट बांधलेली. त्यांनी जोडाला हात लावला नाही.

मागे वळून त्यांनी मुलीला विचारलं, "कामावर कधीपासून येतेस?"

ती म्हणाली, "हिला सहा महिने होऊ द्या."