‘ओरापनोबी’ मी दुरुस्त करणार नाही

मंडळी, आजपासून माझं लाल पेन बंद.

मी गोव्यातल्या सर्वण गावची. ख्रिस्ती उपासनेच्या परंपरांवर पीएचडी करते, त्यामुळे ‘हिंदूंच्या पोरीला हे कशाला?’ हा प्रश्न साखळीच्या बसमध्येसुद्धा ऐकते. असो.

आज संध्याकाळी डिचोलीजवळ रस्त्याकडेच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लादाइन, म्हणजे संतांची नावं घेत गायची प्रार्थना, होती. मेस्त, म्हणजे व्हायोलिन वाजवत गाणं चालवणारे म्हातारे गृहस्थ, एकेका संताचं नाव लॅटिनमध्ये घेत होते आणि जमलेला अख्खा वाडा, म्हणजे सगळी वस्ती, प्रत्येक नावाला ‘ओरापनोबी’ म्हणत होता. मूळ शब्द ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर. मी वहीत प्रत्येक ‘ओरापनोबी’खाली लाल रेघ मारली.

नंतर उकडलेले चणे वाटताना मेस्तांनी माझी वही पाहिली. “बाय, चवथीक तुमी आरती म्हणटात, ती पुस्तकांतली काय घरची?”

मी लाल पेनाला टोपण लावलं. आमच्या घरी गणेश चतुर्थीला आरतीतला एक शब्द सगळेच चुकीचा म्हणतात. मी एकदा बरोबर म्हटला, तर काकांनी टाळ थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं.

माझ्या सरांनी बजावलंय, शुद्ध लॅटिन नसेल तर प्रबंधाचं प्रकरण परत येईल. येऊ दे. उद्या मी ‘ओरापनोबी’च लिहून देणार, शुद्ध रूप तळटीपेत. वाडा जे म्हणतो तेच ऐकायला मी गेले होते ना?

तुमच्या घरच्या आरतीत कुठला शब्द चुकतो? खाली लिहा. दुरुस्त करून लिहिलात, तर मी वाचणार नाही.