अण्णांचं नाक

वेफर हातात घेतला की अण्णा आधी डोळे मिटायचे. मग तो नाकाजवळ न्यायचे, एक लांब श्वास ओढायचे आणि कानडीत म्हणायचे, "साकु." म्हणजे पुरे. तेवढं ऐकलं की मल्लव्वा मसाल्यातून हात काढायची.

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात त्यांचा वेफर्सचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या, दोन कढया, मल्लव्वा धरून चार बायका, अण्णा आणि टेम्पोवर मी. पाकिटावर नाव वेगळंच छापलेलं, पण बार्शी-वैरागपर्यंत सगळे 'अण्णांचे वेफर्स'च मागायचे.

अण्णा चव कधी बघायचे नाहीत. पहिला घाणा सिद्धेश्वराच्या फोटोपुढं जायचा आणि देवाच्या आधी कुणी जिभेला लावायचं नाही, हा नियम. मी एकदा म्हणालो, "अण्णा, देव म्हणाला तिखट लई झालंय, तर?"

"देव भिडस्त हाय रे. त्येच्यावर बोलायची पाळी आनू नये म्हनून तर आपल्याला नाक दिलंय."

संध्याकाळी टेम्पो लावला की खुर्ची ओढून बसायचे. "हं, बार्शी काय म्हनली?" मग मी बार्शीच्या दुकानदारासारखा नाकात बोलायचो. वैरागच्या शेठसारखं पोट पुढं काढून ढेकर द्यायचो. तक्रारीसुद्धा तशाच सांगायचो. अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तक्रार मिटलेली असायची.

गेल्या पावसाळ्यात ते तापानं पडले. उठून आले ते पार वाळून, पण डोळे मिटणं तेच, लांब श्वास तोच, "साकु" तेच.

मग एका दुपारी वैरागच्या शेठनं मला बघून पाकिटांची माळच काउंटरवर आपटली. मी एक पाकीट फोडलं. भिजलेल्या गोणपाटाचा वास. बार्शीत पण तेच.

परत आल्यावर आधी मल्लव्वाला गाठलं. ती म्हणाली, लाल चटणीच्या पोत्याला ओल लागली होती.

"मग वास आला न्हाय व्हय तुमाला?"

"आला की. सगळ्यांस्नी आला. पन अण्णा साकु म्हनले. त्यांच्या नाकाम्होरं आपलं नाक कुटं काढायचं?"

तेवढ्यात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हं, वैराग काय म्हनलं?"

मी पोट पुढं काढलं, ढेकर दिला. "तुमच्या अण्णाला सांग, आमी हितं वेफर्स विकतो, भिजलेलं पोतं न्हाय."

अण्णा हसायला लागले. हसता हसता थांबले. माझ्या हातातलं वैरागला फोडलेलं पाकीट घेतलं, नाकाशी धरलं. लांब श्वास. परत एकदा.

"बार्शी?"

मी नाकात बोलायला लागलो, तसा त्यांनी हात वर केला. "त्येंचं ऱ्हाऊ दे. तू सांग. तुझ्या आवाजात."

मी उगाच घसा खाकरला. "कुबट वास येतोय, अण्णा. लई."

"मला न्हाय येत," ते म्हणाले. "ताप गेला तवापासनं. वाटलं, येईल परत. कापूर लावून बघितला, हिंग बघितला. कायच न्हाय."

मल्लव्वा दारात उभी होती. "मी बघते की वास. तुमी नुसतं साकु म्हना."

"नुसतं साकुच तर म्हनतोय की इतके दिस." त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "उद्यापासनं खारे वेफर्स तेवढे करायचे. मिठाला माप हाय."

"दुकानदार विचारतील, अण्णा."

"मसाल्याचं मशीन बिघडलंय म्हन."

मसाल्याला मशीन आमच्याकडं कधीच नव्हतं. वैरागचा शेठ अजून विचारतो, दुरुस्त झालं का म्हणून. अण्णा रोज येतात, पण मसाल्याच्या खोलीत जात नाहीत. संध्याकाळी मात्र खुर्ची ओढतात. "हं, वैराग काय म्हनलं?" मी ढेकर देतो, पोट पुढं काढतो, बाकी सगळं सांगतो. मशीनचं तेवढं सांगत नाही.