हातभर पट्टी

टिंक्चरचा वास आला की मला मेंदूतल्या गाठीवर किरणांनी झालेलं माझं ऑपरेशन आठवतं. टाका एकही नाही, केस शाबूत, पेडण्याला घरी आले तशी थोरल्या जावेने नारळ आणि खवायची आदोळी पुढ्यात सरकवली, "खव गो, बसून काय करतस?" डोकं गरगरत होतं, आणि मी शहाणी तिला किरणांचं शास्त्र समजावत बसले! तेवढ्यात मोरजीची एक बाई भेटायला आली. तिचं हेच ऑपरेशन माझ्याआधी झालेलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "कोणाक शिकयतस गो? पट्टी बांध. माकाय तीच बांधूची पडली." तिनेच माझ्या धडधाकट कपाळाला पट्टी गुंडाळून वर टिंक्चर शिंपडलं. संध्याकाळी जाऊ पेज घेऊन आली, "खूप दुखता गो?" आता माझ्या नाती हे ऐकून हसतात, मीही हसते, पण त्या घरात आजारी ठरायला मला गाठ पुरली नाही, हातभर कापड लागलं.