आधी चपला दिसल्या

"हा बार टपावर लावा, कांबळेभाऊ. असा लखलखाट पडला पाहिजे, की धुकं फाटलं पाहिजे!"

सुनंदाक्कांनी चार फुटी एलईडी बार माझ्या काउंटरवर आपटला. चाकणला माझं गाड्यांच्या लाइटचं दुकान आहे. त्याआधी मी एका हेडलॅम्पच्या कंपनीत टेस्टिंगला होतो. त्यामुळे चुकीच्या जागी लाइट लावायची भाषा ऐकली की माझं डोकंच फिरतं.

अक्कांचा एकच ट्रक. तो चालवतो त्यांचा धाकटा भाऊ बापू. चाकणच्याच एका कंपनीतून पार्ट भरायचे आणि माळशेज घाट उतरून मुरबाडला पोचवायचे, हे काम त्यांना नुकतंच मिळालेलं. पहिल्याच खेपेला घाटात धुकं उतरलं आणि गाडीचं डावं चाक रस्ता सोडून खाली गेलं. कठडा होता म्हणून बापू वाचला. घरी आल्याआल्या त्यानं अक्कांपुढं चावी टाकली.

"मला वळणच दिसंना," बापू खाली बघत म्हणाला. "मी न्हाई जात आता."

"उद्या गाडी लागली न्हाई तर काम गेलं बगा," अक्का मला म्हणाल्या. "अन् ह्याला भेव वाटतंय. म्हणून सगळ्यात मोठा लाइट आणला."

"अक्का, हा लावलात तर वळण सोडाच, समोरचा ट्रकसुद्धा दिसणार नाही."

"कामून?"

मी समजावलं. जादा लाइट दोन जातीचे. ड्रायव्हिंग लाइटचा झोत अरुंद आणि लांब. स्वच्छ हवेत, मोकळ्या रस्त्यावर तो कामाचा. फॉग लाइटचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापलेला. तो बंपरखाली लावायचा. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. ड्रायव्हरच्या डोक्यावरून झोत मारला की ते चमकतात आणि सगळा उजेड त्याच्याच डोळ्यात परत येतो. शिवाय टपावर बार दिसला की आरटीओवाला गाडी बाजूला घेतो, ते वेगळंच.

"तुमाला तुमचा माल इकायचाय," अक्का तोंडावर म्हणाल्या.

माझं टाळकंच सरकलं. "असं? चला, दाखवतोच!"

पण भरदुपारी धुकं आणायचं कुठून? शेजारी राजूचं वॉशिंग सेंटर आहे, ट्रक आत मावेल एवढी पत्र्याची शेड.

"राजू, शटर ओढ आणि पाण्याच्या दोन्ही गन वर धरून फवारा मार. धुकं पाहिजे!"

"कांबळे, डोकं ठिकाणावर आहे ना राव?" म्हणत का होईना, राजूनं शटर ओढलं.

बार टपावर तात्पुरता बांधला. बंपरखाली दोन फॉग लाइट लावले, एक पिवळा, एक पांढरा. माझा जीव पिवळ्यावर; धुक्यात तोच सरस, असं म्हणतात. म्हटलं, तेही एकदाचं बघून टाकू. अक्कांना स्टिअरिंगवर बसवलं. बापू फवाऱ्यात पुढं जाऊन उभा राहिला. कंपनी सोडल्यापासून अशी टेस्ट केली नव्हती. मला तर नुसतं उधाण आलं होतं!

बार चालू केला. काचेपुढं चुन्याची भिंत उभी राहिली.

"बापू?" अक्कांनी हाक मारली. "आरं, कुटं हायस?"

"हितंच हाय की, अक्का! तुज्या म्होरं!"

आवाज अगदी जवळून आला. अक्का पुढं वाकल्या, डोळे बारीक केले. काही दिसेना. त्यांचा हात हॉर्नवर गेला आणि तिथंच थांबला.

मी बार बंद करून खालचे दोन्ही लावले.

आधी चपला दिसल्या. मग पोटऱ्या. मग फरशीवरचा पिवळा पट्टा, आणि त्याच्यावर ओलाचिंब बापू. पिवळ्या-पांढऱ्यात फरक शोधून सापडला नाही. करामत सगळी उंचीची आणि झोताची! मी मात्र "बघा! बघा!" म्हणत पोरासारखा ओरडत होतो.

अक्का ओरडल्या नाहीत. खाली उतरल्या आणि पदरानं भावाचं डोकं पुसायला लागल्या. "हितंच उभा व्हतास रं... अन् मी गाडी घातली असती." त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळपर्यंत फॉग लाइट पक्के बसवले. जाड वायर, रिले, वेगळा फ्यूज. रिले म्हणजे जादा करंट स्वतः उचलणारा स्विच. तो नसला की डॅशबोर्डचं बटण जळतं. बापूला बजावलं, "धुकं फाटत नसतं. जेवढं दिसेल तेवढ्यात थांबता येईल असाच चालव. आणि धुकं सरलं की बंद कर."

बापूनं चावी उचलली.

दुसऱ्या दिवशी माझं लक्ष फोनवरच होतं. अक्कांचा आवाज कानठळ्या बसवणारा. "उतरला! घाट उतरला! म्हणतोय, हळू आलो, पण कडंची पांढरी पट्टी सुटली न्हाई!"

बार सध्या त्यांच्या थेरगावच्या गणेश मंडळात झळकतो. आणि माझ्याकडे कोणी टपासाठी लाइट मागायला आला, की मी अक्कांनाच फोन लावून देतो. त्या एकच सांगतात, "किती वॉटचा, ते मागून इचारा. आधी चपला दिसत्यात का बगा."