कायम ठकूबाई

नगरपंचायतीच्या गोल्फ मैदानाच्या उद्घाटनाला दोन तास उरले होते आणि मैदानावरचे नऊच्या नऊ खड्डे बुजवलेले होते. नुसते बुजवले नव्हते. आतले डबे उपटून काढून, मुरूम भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून वर बोटभर माती पसरली होती. नऊ झेंड्यांच्या काठ्या मोळी बांधून कडेला ठेवल्या होत्या. मी धापा टाकत पोचलो तेव्हा एक ठेंगणी, काटक बाई पदराने घाम पुसत उभी होती. "झालं बगा सायेब," बाई म्हणाल्या, "पावणं यायच्या आत सगळं गुळगुळीत केलं. एक खड्डा दिसला तर बोला." या ठकूबाई. चौदा वर्षं रस्ते विभागात रोजच्या हजेरीवर खड्डे बुजवत होत्या आणि आठवड्यापूर्वीच त्यांची बदली मैदानावर झाली होती. आदल्या संध्याकाळी मीच त्यांना सांगितलं होतं, "मावशी, सकाळी तेवढे खड्डे बघून घ्या." त्यांनी बघून घेतले.

त्यांना रागवायला मला तोंड नव्हतं, कारण गोल्फमधलं मलाही ओ की ठो कळत नव्हतं. मी गटारं, नळपाणी आणि नगरपंचायतीची बाग बघणारा कनिष्ठ अभियंता. "बाग तुमच्याकडेच आहे, हेही हिरवंच आहे," असं म्हणून मैदान माझ्या गळ्यात मारलं गेलं. घोडेगावच्या रस्त्याला लागून असलेल्या माळावर गोल्फ आलाच कसा, हेही कुणी धड सांगेना. मूळ ठरावात पोरांना कबड्डीसाठी 'गोल मैदान' मागितलं होतं, टाइप करणाऱ्याने एक अक्षर जास्त मारलं आणि वरून मंजुरीच आली, असं कचेरीतले शिपाई सांगायचे. मी फाइल दोनदा उघडून पाहिली. मूळ ठरावाचा कागद तेवढा तिच्यात नव्हता.

पहिल्याच मार्चमध्ये खड्ड्यांभोवतीची हिरवळ पिवळी पडली. मी पुण्याहून औषधं मागवली, तक्ते केले. ठकूबाईंचं माहेर अवसरी बुद्रुकचं. कांद्याची रोपं टाकण्यात त्यांचं लहानपण गेलेलं. त्यांनी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं, बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाल्या, "पानी वर वर हिंडतंय, खाली जातच न्हाई. रोपाच्या वाफ्याला कुनी असं दुपारचं पानी देतं का?" त्या दिवसापासून पहाटे पाणी सुरू झालं. महिनाभरात वाफे हिरवेगार झाले. हो, वाफेच. खड्ड्याभोवतीच्या हिरवळीला खेळणारे 'ग्रीन' म्हणतात, त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि पुढे मीही सरकारी कागदावर एकदा 'वाफा क्रमांक चार' लिहून बसलो. वाफा इतका सुरेख झाला की वस्तीवरच्या बायकांनी त्यावर कुरडया वाळत घातल्या. ठकूबाईंनी त्या उचलल्या, पण वाळेपर्यंत थांबून.

पुण्याहून शनिवार-रविवारी खेळणारे येऊ लागले. ते वहीत नावापुढे 'हँडिकॅप अठरा', 'हँडिकॅप चोवीस' असं लिहीत. ठकूबाईंनी मला अर्थ विचारला. मी ठामपणे सांगितलं, "अपंगत्वाचे टक्के असणार." तेव्हापासून चोवीसवाल्या एका धडधाकट गृहस्थांना त्या कोपराला धरून चढ चढवून देऊ लागल्या. "एवढं असून बी केवढं लांब मारतंय बिचारं!" त्या गृहस्थांनी तीन महिने निमूटपणे हात धरू दिला. त्यांना काय वाटत होतं, देव जाणे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, हा खरा अर्थ मला कळला तेव्हा तो ठकूबाईंना सांगायचं धाडस झालं नाही.

गवतावरून मात्र आमचं वाजलं. गोल्फच्या पुस्तकात लिहिलं होतं, की खेळायच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचं गवत मुद्दाम वाढू द्यावं, म्हणजे चेंडू त्यात अडकतो आणि खेळ अवघड होतो. ठकूबाईंना हे पटेना. "आदी गवत वाडवायचं, मंग त्यात बॉल घालवायचा, मंग हुडकायचा? आन् तिथं बिबट्या बसला म्हंजी?" त्यांनी मला न विचारता दिराची मेंढरं आणून सोडली. मेंढरांनी चार दिवसांत काम फत्ते केलं. खेळणारे आधी चिडले, मग मेंढरांबरोबर फोटो काढून घेऊ लागले. बिबट्या कधी आला नाही. म्हणजे माझं चुकलं होतं की त्यांचं, हे ठरलंच नाही.

असं सगळं चाललं होतं, पण ठकूबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्यांना कायम व्हायचं होतं. हजेरीवरच्या माणसाला मधूनमधून घरी बसवतात, परत बोलावतात आणि नोकरी पुन्हा पहिल्यापासून मोजतात. ठकूबाईंना असं किती वेळा बसवलं, त्याची मोजदाद त्यांच्याकडेही नव्हती. एकदा तापाने फणफणलेल्या असताना पाण्याचा पाइप ओढत होत्या. मी म्हटलं, घरी जा. त्या म्हणाल्या, "कायम मानसाला आजारी पडता येतं सायेब. आमाला न्हाई."

चौथ्या वर्षी 'हिरवळ रक्षक' असं एक कायम पद मंजूर झालं. अट एकच: उमेदवाराला खेळाची माहिती हवी, आणि ती तपासायला पुण्याहून गोल्फचे एक जाणकार येणार. मग आम्ही दोघं पंधरा दिवस नियमांचं पुस्तक घेऊन पंपहाउसच्या पायरीवर बसत होतो. मी वाचायचो आणि त्या विचारायच्या. "चेंडू पान्यात पडला तर मारनाऱ्याला दंड. मंग पानी ठेवलंच कशापायी?" मी पान उलटायचो. शेवटी ठरलं की एवढंच पाठ करायचं: जो सगळ्यात कमी फटके मारतो, तो जिंकतो.

मुलाखतीला मुख्याधिकारी आणि ते जाणकार टेबलामागे, ठकूबाई इस्तरीच्या लुगड्यात समोर. मी दाराशी उभा. जाणकारांनी नेमकं तेच विचारलं, "या खेळात जिंकतं कोण?"

"जो समद्यात कमी मारतो त्यो."

"वा! तुम्ही खेळता का?"

"चार वर्सांत एक बी मारला न्हाई," ठकूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हंजी पयला नंबर माझाच न्हाई का?"

जाणकारांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग जाणकार उठले आणि म्हणाले, "चला, मैदान दाखवा." तासाभराने परतले तेव्हा त्यांच्या उजव्या बोटाला दुसऱ्या पेरापर्यंत माती होती. त्यांनी उभ्यानेच सही केली.

आदेश मी वाचून दाखवला. "श्रीमती ठकूबाई यांना कायम करण्यात येत आहे." त्यांनी ती ओळ तीनदा वाचायला लावली. खालचं बारीक अक्षरातलं मी वाचलंच नाही. पेढे आले होते. नंतरच्या दीड वर्षात ठकूबाई एकदाही आजारी पडल्या नाहीत. मग शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी कधीकाळी अंदाजाने टाकलेली जन्मतारीख पुढे आली, साठी भरली आणि निरोप समारंभ झाला. साडी, नारळ, भाषणं. मीही बोललो, आणि बरं बोललो असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो, तर तिसऱ्या वाफ्यावर ठकूबाई पाइप धरून उभ्या.

"मावशी, काल तुमचा निरोप समारंभ झाला ना?"

"व्हय की. लई झ्याक झाला."

"मग आज?"

"आज काय? कायम हाय ना मी? तुमीच तर तीनदा वाचलं."

मला आधी हसू आलं, मग ते अर्ध्यातच राहिलं. थट्टा चाललीय की खरंच तसं समजत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मी समजावलं, की कायम म्हणजे साठ वर्षं पूर्ण होईपर्यंत. ते आदेशात खाली लिहिलेलं होतं.

त्यांनी पाइप वाफ्याच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवला. "मंग त्याला कायम कशाला म्हंत्यात?"

पाइप मलाच त्यांच्या हातातून घ्यावा लागला, आणि त्यांनी तो चटकन सोडला नाही. मग चपला घालून त्या फाटकाकडे चालू लागल्या. मला रडू फुटलं. पाणी चालूच होतं, आणि ते बंद कधी करायचं, हे मला माहीत नव्हतं.