घर भरून हत्ती

काल तिप्पण्णा "ठाऊक न्हाय" म्हणाले आणि तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

तशी मला जागं राहायला फार मोठं कारण लागत नाही. गॅसचं बटण, मुलांचे दात, आकाशातून पडणारे उपग्रह, काहीही पुरतं. पण ही काळजी वेगळी आहे. तिप्पण्णा आमचे रिक्षावाले. ते कुठल्याही प्रश्नाला, कुठल्याही माणसाला, "ठाऊक नाही" असं कधीच म्हणत नाहीत. हा त्यांचा स्वभाव नाही, तत्त्व आहे.

"पॅसेंजर मधी अडकला न्हाय पायजे, ताई," असं ते सांगतात. "पत्ता ठाऊक असला तर सांगायचा, नसला तरी सांगायचा. माणूस कुटंतरी पोचतोच की."

एकदा त्यांनी एका कुटुंबाला भलत्याच लग्नात नेऊन सोडलं होतं. मी विचारलं, "मग हो?" तर म्हणाले, "मग काय. जेवून आली. बासुंदी होती."

मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून. तरुणपणी सोलापुरात मागावर आले, माग बंद पडल्यावर रिक्षा घेतली. घरी कानडी, विणकर वस्तीत तेलुगू, बेगम पेठेत दखनी, आमच्याशी मराठी. कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत गेले हे त्यांना स्वतःला दोन वाक्यांनंतर कळतं.

माझी मुलं शाळेत जात नाहीत. उत्कर्षा दहा वर्षांची, अभिमन्यू सात. त्यांना मी घरी शिकवते, म्हणजे खरं सांगायचं तर तिप्पण्णांच्या रिक्षात शिकवते. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, शनिवारी येतो. बाकीचे दिवस आम्ही तिघं रिक्षात बसून गाव बघत असतो. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण मुलांना विचारतो, "आज सुट्टी काय रे?" आणि पुढून तिप्पण्णा मान न वळवता म्हणतात, "शाळाच चाललीय की."

पहिल्यांदा भुईकोट किल्ला बघायला गेलो तेव्हा उत्कर्षानं विचारलं होतं, किल्ला डोंगरावर का नाही. तिप्पण्णा म्हणाले, डोंगरावरच बांधायचा होता, पण दगड वर चढवायला बैल तयार होईनात. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात का? तर देवाला सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही. नान्नजला माळढोक बघायला गेलो, दिवसभर उन्हात बसलो, एक दिसला नाही. तिप्पण्णा म्हणाले, "दिसला की. तुमी ढेकूळ समजला." त्यानंतर अभिमन्यू कित्येक दिवस ढेकळांना नमस्कार करत होता.

पहिल्यांदा मी घाबरले. मग लक्षात आलं, घरी आल्यावर मुलं पुस्तकांवर तुटून पडतात. "मामांचं तपासूया," असं म्हणून. वाचनालयातल्या बाई ओळखीच्या झाल्या, शेजारचे निवृत्त सर्व्हेअर काका दार लावून बसायला लागले. माळढोक खरंच ढेकळासारखा दिसतो का, हे ठरवायला माझ्या मुलांनी पक्ष्यांवरचं अख्खं जाडजूड पुस्तक वाचलं. मी आखलेला अभ्यास त्यांना आठवत नाही. तिप्पण्णांनी चुकीचं सांगितलेलं एकूण एक त्यांना पाठ आहे, आणि ते का चूक, हेही.

हे तिप्पण्णांना माहीत नव्हतं. रिक्षा स्टँडवर ते सांगायचे, "दोन पोरं माझ्याकडं शिकत्यात."

मग गेल्या आठवड्यात हत्ती आले.

झालं असं की रिक्षात असताना त्यांच्या बहिणीचा, शांतम्माचा फोन आला. फोन स्पीकरवर. शांतम्मा ओरडून बोलतात, कारण त्यांच्या मते गाव लांब आहे. त्या म्हणाल्या, "मनी तुंबा हत्ती! ऊटक्क बर्री!"

उत्कर्षाला तिप्पण्णांनी थोडं कानडी शिकवलं होतं. तिनं लगेच अर्थ लावला. "मनी म्हणजे घर. तुंबा म्हणजे भरून. आई, त्यांचं घर भरून हत्ती आहेत. जेवायला बोलावलंय."

अभिमन्यू पुढे सरकला. "मामा, मावशीकडं खरंच हत्ती आहे?"

"हाय की. औंदा लई झालीय."

"घरात मावतो?"

"कुटं मावती? झोपायला जागा न्हाय. दाजी तर वरच झोपतो."

"हत्तीवर?"

"मऊ असती की."

मी शिकलेली बाई आहे. एम.ए. आहे. मी असा विचार केला की हद्दीपलीकडच्या मठांतून हत्ती असतात, एखाद्या मठाचा हत्ती सांभाळायला दिला असेल. "घर भरून" म्हणजे एकच, पण मोठा. तरी खात्री करावी म्हणून विचारलं, "तिप्पण्णा, मुलांना धोका नाही ना?"

"कसला धोका, ताई. इस्तू, काडेपेटी तेवडी लांब ठिवायची."

"आणि पाणी वगैरे?"

"पाणी लावू न्हाय. वजन वाडवायला लावत्यात काही लोक. पाप हाय ते."

त्या रात्री मला तहानलेल्या हत्तीची स्वप्नं पडली. सोमवारी निघताना मी दोन डझन केळी घेतली, गुळाची ढेप घेतली, ऊस घेतला आणि पाण्याचा मोठा कॅन. तिप्पण्णांनी सामानाकडे बघितलं आणि म्हणाले, "शांतम्माला एवडं कशाला, ताई," आणि किक मारली.

शांतम्मांच्या अंगणात शेजारपाजारचे जमले होते. भाऊ शहरातली शिकणारी पोरं घेऊन येणार, हे गावभर झालेलं. आम्ही उतरलो. अभिमन्यूनं केळ्यांचा घड छातीशी धरला आणि विचारलं, "हत्ती कुठंय?"

शांतम्मांनी कौतुकानं खोलीचं दार उघडलं. आत जमिनीपासून पत्र्यापर्यंत कापूस होता.

"हे की," त्या म्हणाल्या आणि त्यावर थोपटलं. "हत्ती."

कानडीत कापसाला हत्ती म्हणतात. हे मला त्या क्षणी, हातात पाण्याचा कॅन धरून, कळलं. अभिमन्यूला कळलं नाही. हत्ती आत झाकून ठेवलाय असं समजून त्यानं कापसात खांद्यापर्यंत हात घातला आणि आत केळं धरून वाट बघत उभा राहिला.

शांतम्मा हसून हसून खाली बसल्या. अंगणात एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं कुंपणापलीकडं. कुणीतरी म्हणालं, "काय ओ हत्ती मास्तर, हेच शिकिवता व्हय सोलापुरात?"

तिप्पण्णाही हसत होते. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग उत्कर्षा नेहमीच्या स्वरात म्हणाली, "तपासलं. चूक."

"काय तपासलं?" तिप्पण्णांनी विचारलं.

"तुमचं. आम्ही घरी जाऊन सगळं तपासतो, मामा."

अभिमन्यूनं कापसातून हात काढला. त्याला मामांची बाजू घ्यायची होती. तो सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "तिप्पण्णामामा नेहमी चूकच सांगतात. म्हणून तर आम्हाला सगळं येतं."

यापेक्षा मोठं कौतुक माझ्या मुलानं आजवर कुणाचं केलेलं नाही. पण अंगणात ते तसं ऐकू आलं नाही.

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांगं. तिप्पण्णा खाली बघून जेवले. येताना अभिमन्यूनं विचारलं, रस्त्याकडेच्या झाडांना खाली पांढरा पट्टा का मारतात. तिप्पण्णांनी मोकळ्या रस्त्यावर हॉर्न वाजवला.

काल पुन्हा त्यांना बोलावलं. रेल्वे स्टेशनवरून जाताना उत्कर्षानं मुद्दाम सोपा प्रश्न काढला, इंजिनाला स्टिअरिंग का नसतं. सरळ पुढं बघत तिप्पण्णा म्हणाले, "ठाऊक न्हाय. पुस्तकात बगा तुमी."

मुलांनी बघितलं. पुस्तकातलं उत्तर बरोबर होतं. जेवणापर्यंत दोघंही विसरली.

आज कुठेच गेलो नाही. अभिमन्यू दुपारभर भिंतीकडे बघत बसला होता. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "दुसरा रिक्षावाला बघ." मी म्हटलं, "तुझ्या वर्कशॉपात सुटा भाग मिळतो तसा मिळतो का माणूस?" तो म्हणाला, "मग माफी माग." पण कशाची मागू? मुलं खरं तेच बोलली. आणि "तुम्ही चुकीचंच सांगत राहा, आमची शाळा त्यावर चालते," असं एखाद्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

झोपताना अभिमन्यूनं विचारलं, "आई, कापसाला हत्ती म्हणतात, तर मग मामा हत्तीला काय म्हणतात?"

मला ठाऊक नव्हतं. मोबाइल हातातच होता, दोन शब्द टाकले असते की उत्तर आलं असतं. मी म्हटलं, "उद्या बघू."

पण उद्यापर्यंत माझ्याच्यानं थांबवत नाही. रात्रीच्या गाडीसाठी तिप्पण्णा स्टेशनच्या स्टँडवर जागे असतात. हा प्रश्न असा आहे की याचं उत्तर त्यांना येतंच. "ठाऊक न्हाय" म्हणायचं तर आज त्यांना खोटं बोलावं लागेल. सांगितलंच, तर कापूसच सांगू देत, नाहीतर वांगं सांगू देत. सकाळी आम्ही तपासू, आणि तपासलं की त्यांनाच येऊन सांगू, रिक्षात बसून.

अभिमन्यू अजून जागा आहे, पांघरुणात हालचाल दिसतेय. त्याला उठवून शेजारी बसवते, फोन स्पीकरवर ठेवते आणि तिप्पण्णांना लावते.